चार य

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली निळ्या अक्षरांचा जो बोर्ड लागला होता, तो आप्पांनी लिहिला नव्हता. तो मी छापला होता. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला तरी सांगितलं असेल म्हणावं, तर तेही खरं नाही. देवळात जातो, हात जोडतो आणि दुसरंच काहीतरी मागून येतो.

मी फार बोलणारा माणूस नाही. उमरग्याकडच्या मुरुम गावात माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द छापतो. वाढदिवस, निवड, बारसं, निधन. स्वतःच्या चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. आता आलीय तर सरळ सांगतो. आडवळणानं सांगायला गेलो तर मध्येच थांबेन, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपानंतर जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी बसवलेलं. आप्पा माझ्या नात्यातले नव्हेत, सगळं गावच त्यांना आप्पा म्हणतं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माची तीन बोटं, खिशात दोन मार्कर, एक तांबडा आणि एक निळा. गावाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं होतं. मोटार चालू करायची, टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची, कॉक फिरवून आज वरच्या गल्लीला, उद्या खालच्या गल्लीला पाणी द्यायचं. आई सीमेपलीकडची होती, त्यामुळं पावडरीची मापं टाकताना ते कानडीत मोजायचे. वंदु, यरडु, मूरु. एरवी मराठी, पण चुकायला नको अशा ठिकाणी आईची भाषा.

त्यांच्या अक्षराचं आधी सांगायला पाहिजे.

भूकंप झाला तेव्हा मी तुळजापूरला मामाकडं शिकायला होतो. तिसऱ्या दिवशी गावात पोचलो. गाव म्हणून काही ओळखू येत नव्हतं. वाटेत एकानं सांगितलं, तुझी आई गेली. दुसरा म्हणाला, दवाखान्यात नेली. तिसरा नुसता बघत राहिला. मी तंबूंच्या रांगेत शिरलो. मदतीचं सामान ज्या खोक्यांतून आलं होतं, त्यांचे पुठ्ठे फाडून प्रत्येक तंबूला बांधले होते आणि आत कोण कोण आहे ते त्यांवर जाड मार्करनं लिहिलं होतं. शेवटून दुसऱ्या तंबूवर माझ्या आईचं नाव होतं. मी लगेच आत गेलो नाही. बाहेर मातीत बसलो आणि ते नाव वाचत राहिलो. आई जिवंत आहे हे मला तिचा आवाज ऐकायच्या आधी त्या अक्षरानं सांगितलं.

पुठ्ठे आप्पांनी लिहिले होते. त्यांचा एक नेम होता. प्रत्येक तंबूत वाकून आत जायचं, माणूस डोळ्यांनी बघायचं, मगच नाव घालायचं. ऐकीव नाव घालायचं नाही. कुणी कितीही रडलं तरी नाही. तेव्हापासून गावात एक बोलणं पडलं. 'आप्पानं लिवलंय म्हंजी बघून लिवलंय.'

पुढं टाकी झाली, टाकीखाली पांढरा बोर्ड लागला, आणि तोच नेम आप्पांनी तिथं चालवला. पाण्यात काही खोट दिसली की तांबड्या मार्करनं लिहायचं, उकळून प्या. सगळं ठीक असलं की निळ्यानं लिहायचं. ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्यासुद्धा रंग बघायच्या आणि अक्षराचं वळण बघायच्या. मागं एकदा आप्पा आजारी असताना पंचायतीतल्या पोरानं निळ्यानं लिहिलं, तर बायांनी घागरी रिकाम्या परत नेल्या. ह्ये आप्पाचं न्हाय, म्हणाल्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गिऱ्हाइकांना छापील अक्षराचा कंटाळा आला होता. 'हातानं लिवल्यागत पायजे,' असं जो तो म्हणायचा. बाजारात मार्करसारखे म्हणून जे फॉन्ट मिळायचे त्यांना मराठीची सवय नव्हती. वेलांट्या परक्या, उकार आखडलेले. मला आप्पांचा बोर्ड आठवला. त्यांची अक्षरं एका ओळीत बसत नाहीत. एखादं वर उडी मारतं, एखादं खाली टेकतं. शब्द लिहून झाला की वरून एकच रेघ ओढायची, दाराला कडी लावल्यासारखी, आणि ती रेघ शब्दाच्या पुढं थोडी निसटायची. लांबून बघितलं तरी कुणीतरी बोलतंय असं वाटावं असं अक्षर.

मी त्यांच्याकडं गेलो आणि खोटं बोललो. म्हणालो, आप्पा, शाळेतल्या पोरांसाठी कित्ता करायचाय, तुमचं अक्षर गिरवतील पोरं. खरं सांगितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं, हे आता कळतं. पण खरं सांगायचं म्हणजे परवानगी मागायची, आणि परवानगी मागितली की माणूस विचारतो, त्याचं पुढं काय करणार. मला ते नको होतं.

तीन दुपारी ते माझ्या दुकानात येऊन बसले. मी चौकोन आखलेले कागद दिले होते. मी म्हटलं, एकेकदा लिहिलं तरी पुरे. त्यांनी प्रत्येक अक्षर पाच पाच वेळा लिहिलं. पाचही निराळी आली. ते म्हणाले, हात दमला की अक्षराचं पोट सुटतं, चहा पिला की पुन्हा आत जातं.

'यातलं कुठलं घेनार तू?'

'बरं दिसंल ते.'

'आन् बाकीच्यांनी काय केलं?'

मी हसण्यावारी नेलं.

चौथा य लिहिताना गेलेली लाइट आली. डोक्यावरचा पंखा गरकन फिरला, कागद उचलला गेला आणि य च्या खालच्या टोकाला मार्कर घसरून बारीक शेपूट फुटलं. आप्पांनी जीभ चावली आणि पाचवा य नीट काढला. मला तो चौथाच आवडला. शेपटामुळं तो हातचा वाटत होता. मी तोच घेतला.

दोन महिने लागले मला. कागद स्कॅन केले, अक्षरं सुटी केली, काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या बसवल्या. आप्पांची ती एकसंध रेघ तेवढी जमेना. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला रेघेचा आपला तुकडा असतो आणि तुकड्याला तुकडा जोडून रेघ होते. पण कोण बघतंय, म्हटलं. फाइलीला मी आप्पांचं नाव दिलं नाही. 'मार्कर-१' असं दिलं. पहिल्यांदा कीबोर्डवर माझ्या आईचं नाव टाकून बघितलं. तंबूवरच्या पुठ्ठ्यासारखंच ते पडद्यावर आलं. त्या वेळी अंगावर काटा आला तो मी आनंदाचा समजलो.

फॉन्ट लोकांना लई आवडला. धंद्यातल्या दोघातिघांनी मागितला, मी दिला. त्यांनी पुढं दिला. उमरग्याला गेलो तर तिथल्या चौकात तो दिसला. तुळजापूरच्या रस्त्यावर तामलवाडीजवळ एका धाब्यावर दिसला. कुठं 'ताजं जेवण', कुठं 'चप्पल इथे काढा', कुठं 'भाड्याने देणे आहे'. सगळीकडं आप्पा बोलत होते, आणि आप्पांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी आप्पा मुरुमाला आले आणि सरळ दुकानात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

'त्या रसवंतीचा बोर्ड म्या कवा लिवला रं?'

माझ्यापुढं तेव्हा एक साधं उत्तर होतं. आप्पा, तो मी केलाय, तुमच्या त्या कागदांवरनं. एवढंच. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा पिऊन गेले असते. मी म्हणालो, 'लिवला आसंल की आप्पा. तुमी कुणाला न्हाय म्हनता का?'

ते हसले. 'व्हय, त्ये बी हाय.' पायरी उतरताना थांबले आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, 'पर त्या रसवंतीत म्या कवा गेलोच न्हाय की.'

पुढच्या बाजारी पुन्हा आले. या खेपेला स्टँडवरच्या निधनाच्या फ्लेक्सचं विचारलं. मेलेल्या माणसाला आप्पा ओळखतही नव्हते. मी मशीनकडं वळून काहीतरी शोधत राहिलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं नाही. नुसतं दुकानातल्या भिंतीवरच्या नमुन्यांकडं बघून गेले. नमुन्यांत त्यांचं अक्षर नव्हतं. आप्पा येताना दिसले की मी त्या अक्षरातले नमुने काढून ठेवायचो.

गावात त्यांची थट्टा व्हायला लागली. 'काय आप्पा, आता मुंबईला बी बोर्ड लिवायलाव का?' आप्पाही हसायचे. पण त्यांच्या सोलापूरच्या लेकीनं मला फोनवर सांगितलं, बाबा घरी आल्यावर मला फोन लावून विचारत बसतात, मी काल कुठं गेलो होतो, परवा कुठं गेलो होतो. वय झालं आता, ती म्हणाली. मी म्हटलं, व्हय, वय झालं.

मग त्या उन्हाळ्यात टाकीच्या पाइपला गटाराशेजारी चीर पडली. आप्पांनी तांबड्यानं लिहिलं. पाइप दुरुस्त झाला, पण पाण्याच्या तपासणीचा कागद यायचा होता. आप्पा म्हणाले, कागद बघितल्याशिवाय तांबडं पुसणार नाही. त्याच दिवसांत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ते पहाटेच्या एसटीनं सोलापूरला लेकीकडं गेले आणि बोर्ड तांबडाच ठेवून गेले. हे सगळं मला नंतर समजलं. पण विचारलं असतं तर आधीच समजलं असतं.

त्याच सकाळी पंचायतीतला एक सदस्य माझ्या दुकानी आला. माझ्याच वयाचा, शाळेत एका वर्गात होतो. पूर्वी त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स करताना मी हा फॉन्ट दाखवून मिरवलो होतो, म्हणून त्याला ठाऊक होतं. लग्नसराई, गावात पाहुण्यांची गर्दी. पाणी चांगलं आहे पण लोक ऐकत नाहीत, असं तो म्हणाला. छापील नोटीस लावली तर कुणी बघत नाही. आप्पांच्या अक्षरात दे, निळ्या रंगात, बोर्डाच्या मापाचं.

मी विचारलं, 'आप्पा कुठंयत?'

'डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्यात.'

'त्येंना ठाऊक हाय न्हवं?'

'त्येंनीच सांगितलंय की.'

फोन माझ्या हाताशी होता. त्यात आप्पांचा नंबर होता, लेकीचाही होता. खरं म्हणजे तेव्हाच मला कळलं होतं. आप्पांनी सांगितलं असतं तर आप्पांनी लिहिलं असतं, निघायच्या आधी उभ्या उभ्या लिहिलं असतं. कळलं, आणि मी संगणकाकडं वळलो. फोन केला असता तर फॉन्टचं सांगावं लागलं असतं. मी पाण्याचा विचारच केला नाही. माझी चोरी उघडी पडू नये, एवढाच विचार केला.

मजकूर त्यानं सांगितला, मी टाइप केला. टाकीतलं पाणी पिण्यायोग्य आहे. कोणी काळजी करू नये.

मशीनचं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं आणि छपाई पट्टी पट्टीनं बाहेर येते. आधी निळ्या रेघा आल्या, मग अक्षरांची डोकी, मग धडं. 'पिण्यायोग्य' मध्ये तीन य आले, खालच्या ओळीतल्या 'नये' मध्ये एक. चौघांनाही तेच शेपूट, त्याच कोनात, तेवढंच लांब. पंख्याचा एकच वारा चौघांना एकाच वेळी लागल्यासारखा. मी ते सनबोर्डच्या पांढऱ्या पाटीवर चिकटवलं, कडा कापल्या आणि त्याच्या गाडीवर बांधून दिलं.

पाण्याची पाळी दुपारी होती, खालच्या गल्लीची. आप्पांच्या माघारी पंचायतीतलं पोरगं कॉक फिरवणार होतं. त्याआधी, टाकीपाशी कुणी नसताना, सदस्यानं जुना बोर्ड काढून नेला आणि हा लावला. बायांनी लांबूनच निळं बघितलं, वळण बघितलं आणि घागरी लावल्या. सगळ्यांना वाटलं, आप्पा एसटीला जायच्या आधी लिहून गेले.

तिसऱ्या दिवशी खालच्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. घराघरात. आरोग्य केंद्राची जीप आली, बाटल्या भरून पाणी नेलं, गोळ्या वाटल्या. बहुतेक लोक बरे झाले. एक काकू गेली. माझ्या आईच्या जोडीची होती, भूकंपानंतर दोघी एकाच तंबूत होत्या. तिला वाचता येत नव्हतं. पाइपला चीर पडल्यापासून ती पाणी उकळून पीत होती. निळा बोर्ड बघून तिनं उकळायचं बंद केलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

आप्पा डोळ्यांना काळा चष्मा लावून परत आले तेव्हा महादेवाच्या देवळासमोर माणसं जमली होती. सकाळचे दहा वाजले असतील. कट्ट्यावर तो बोर्ड आणून ठेवला होता. आईनं हट्ट धरला म्हणून मी तिला मुरुमाहून घेऊन काकूच्या घरी आलो होतो. तिला तिथं सोडलं आणि देवळासमोर गाडीला टेकून उभा राहिलो. काकूचा मुलगा खाली बसला होता, मुंडण केलेलं डोकं गुडघ्यांत घालून.

आप्पांनी विचारलं काय झालं ते. सांगितलं त्यांना. ते म्हणाले, 'म्या तांबडं लिवून गेलतो.'

एकानं बोर्डाकडं बोट केलं. आप्पा कट्ट्यापाशी गेले, चष्मा काढला, ऑपरेशनचा डोळा हातानं झाकला आणि दुसरा डोळा बोर्डाच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ बघत होते. ऊन चढायला लागलं होतं.

'बोर्ड नवा दिसतुया,' ते म्हणाले.

सदस्य म्हणाला, 'पंचायतीनं बदललाय की आप्पा. ध्यानात न्हाय व्हय?'

आप्पांनी अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या अक्षरावर घासला. मार्कर असता तर पुसला गेला असता. त्यांनी पुन्हा घासला, मग सदऱ्याचं टोक घेऊन जोर लावून घासलं.

'पुसंना,' ते म्हणाले.

'पक्का मार्कर आला आसंल हातात,' मागून कुणीतरी म्हणालं. वाईट हेतूनं नाही. दुसरं कुणी म्हणालं, डोळ्याला मोती होता, तांबडं का निळं दिसलं नसेल. माणसं त्यांना वाचवायला बघत होती. प्रत्येक जण आपल्या परीनं त्या खोट्याला एकेक वीट लावत होता.

मी वीस पावलांवर होतो. तेवढ्यावरूनही मला चार शेपटं दिसत होती. पुढं होऊन नुसतं बोट ठेवायचं होतं, हा य बघा, हा बघा, हा बघा. माणसाच्या हातून चार वेळा एकच चूक एकाच मापानं होत नाही. हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. सदस्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, माणूस घड्याळाकडं बघतो तितकंच.

आप्पांनी बोर्ड खाली ठेवला. काकूच्या मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात बोलले. सगळ्यांना ऐकू गेलं.

'अक्षर माझंच हाय. म्हंजी म्याच लिवलं. मला याद न्हाय बाबा, पर अक्षर खोटं बोलत न्हाय.'

मुलानं वर बघितलं नाही.

आप्पांनी खिशातले दोन्ही मार्कर काढून कट्ट्यावर ठेवले, एक तांबडा, एक निळा. पंचायतीत कागद झाले, आप्पांचं काम गेलं. सदस्य मला गाडीपाशी गाठून म्हणाला, बोर्ड तुझ्याकडं ने, सामानात पडू दे. मग खांद्यावर हात ठेवला. 'आपुन काय वाईट मान्सं न्हाय.' मी मान हलवली. बोर्ड पोत्यात गुंडाळून गाडीवर बांधला. तो माझ्या दुकानात मोठ्या मशीनच्या मागं भिंतीला तोंड करून उभा आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी तिकडं बघतो.

फॉन्ट माझ्या संगणकावरून मी पुसून टाकला. तो काही उपयोग नसलेला पराक्रम होता. फाइल परत बोलावता येत नाही. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या गावी गेलो तर एका दवाखान्याच्या दारावर ती अक्षरं होती. परवा एका शाळेच्या भिंतीवर, 'स्वच्छ पाणी प्या'. माझ्या दुकानात पोरंटोरं मोबाइलवर घेऊन येतात आणि विचारतात, ह्यो फॉन्ट हाय का तुमच्याकडं. मी नाही म्हणतो. ते म्हणतात, सगळ्यांकडं हाय की.

आप्पांनी लिहिणं सोडलं. सुरुवातीला त्यांनी एक वही केली होती. रोज संध्याकाळी त्यात लिहायचे, आज काय केलं, कुणाशी बोललो, कुठं गेलो. लेकीला बरं वाटलं होतं. महिनाभरानं त्यांनी वही बंद केली. तिनं कारण विचारलं तर म्हणाले, लिवलेलं बी माझंच हाय, त्याचा काय भरवसा. तिनं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहेत. ते आप्पांना पटलं नाही. दर सोमवारी देवळातून येताना काकूच्या दारात जाऊन बसतात, थोडा वेळ. आतून कुणी पाणी दिलं तर घेत नाहीत. काकूचा मुलगा आता त्यांना बसू देतो, पण बोलत नाही.

श्रावणात मी गावाला गेलो होतो. ठरवून गेलो होतो. बोर्ड पोत्यात घालून गाडीच्या मागं बांधला होता. आप्पा ओट्यावर बसले होते, चष्मा आता पांढरा. दिसतं म्हणाले चांगलं, सुईत दोरा ओवतो. मला चहा दिला. माझ्या आईची चौकशी केली. गाडीकडं बघून विचारलं, 'पोत्यात काय हाय?'

'सामान हाय दुकानाचं,' मी म्हणालो.

समोरच्या घराच्या भिंतीवर पंचायतीनं पाण्याच्या पाळीचा नवा तक्ता लावला होता. मी येताना बघितलाच नव्हता. आप्पांनी हनुवटीनं तिकडं दाखवलं. त्यांचंच अक्षर होतं, म्हणजे माझं.

'त्ये बी म्याच लिवलंय म्हनत्यात पोरं,' आप्पा म्हणाले. 'दोन वर्षं झाली, मार्कर हातात धरला न्हाय म्या. तरी लिवायलोय.'

मी कप खाली ठेवला. ते माझ्याकडं वळले. एखाद्या लहान गोष्टीबद्दल विचारावं तसं विचारलं.

'तुझ्याकडं त्ये कित्त्याचं कागद हायत का रं? पोरं गिरवनार हुती त्ये. आन की एकदा. म्या खरंच कसा लिवत हुतो, मला बघायचंय.'

'हुडकून आनतो,' मी म्हणालो.

हुडकायची गरज नव्हती. ते कागद दुकानातल्या वरच्या फळीवर आहेत, एकही हरवलेला नाही. प्रत्येक चौकोनात पाच अक्षरं, पाचही निराळी, य सुद्धा पाच आणि त्यातल्या एकालाच शेपूट. तो कागद आणि तो बोर्ड शेजारी शेजारी ठेवले तर आप्पांना मी काही सांगायचीही गरज पडणार नाही. त्यांची नजर चांगली आहे आता. ते बघूनच मानतात, ऐकून मानत नाहीत.

बोर्ड तसाच बांधलेला घेऊन मी परत आलो आणि त्याच जागी, भिंतीकडं तोंड करून ठेवला. त्याला आता चार महिने झाले. दोनदा लेकीचा फोन आला, बाबा विचारतायत, कागद मिळाले का. दोन्ही वेळा सांगितलं, शोधतोय.

आप्पांचे कागद मी त्यांना देणं लागतो. तो बोर्ड त्यांच्यासमोर ठेवणं लागतो. आणि देवळासमोरच्या त्याच कट्ट्यावर, काकूचा मुलगा ऐकत असताना, एक वाक्य देणं लागतो. हे आप्पांनी लिहिलं नव्हतं, मी छापलं होतं. यातलं मी अजून काहीच दिलेलं नाही.